शेवटचे तीन इंच

३ नोव्हेंबर, सोमवार

मुंगे,

अक्षर ओळखून तू पाकीट फाडून टाकलं नसशील तर पुढचं वाच. खुशाली विचारायचा हक्क मी घालवून बसले आहे, म्हणून ती विचारत नाही. एक कामाचं विचारायचं आहे, तेवढंच.

तू रायफलीला नवी नळी बसवलीस असं कळलं. कुठून कळलं ते सोड. आपल्या धंद्यात माणसं थोडी आणि तोंडं फार. ती कशी चालते? म्हणजे पहिल्या दहा गोळ्या एकाच भोकात जातात आणि नळी तापली की पुढच्या एका बाजूला सरकायला लागतात, असं होतं का? हळूहळू, जिना चढल्यासारख्या, उजवीकडे वर? आणि साफ करताना चिंधी आधी घट्ट जाते आणि तोंडाजवळ आली की सुळकन सुटते का?

असं काही नसेल तर उत्तर लिहायची गरज नाही. असेल तर नळी काढून ठेव आणि जुनी बसव. कारण फार मोठं नाही. नव्या नळ्यांना थोडे दिवस सवयीचे लागतात.

मी अजून त्याच खिडकीपाशी बसते. बाबांचं स्टूल मी घेतलंय, त्याचा एक पाय अजून आखूडच आहे. नळ्या पूर्वीसारख्याच हाताने आतून घोटून गुळगुळीत करतो आम्ही, मी आणि माझा जोडीदार. तो बाबांच्या शेवटच्या वर्षी लागला, तू त्याला पाहिलेलं नाहीस. बोलतो कमी, शिंकतो फार. माझं ठीक चाललंय. उजवा हात थंडीत जरा आखडतो. वयाचं असेल, चव्वेचाळीस सरली.

सहज विचारलं.

ताई


११ नोव्हेंबर, मंगळवार

मुंगे,

मागच्या पत्राला आठ दिवस झाले. पोहोचायला चार लागतात, म्हणजे तुझ्या हातात चार दिवस आहे ते. मी घाई करत नाही. फक्त काल एक झालं ते सांगते.

जेवणाची सुट्टी होती. लेथ बंद, पंखे बंद, सगळे मागच्या अंगणात. मी एकटीच आत होते. दार उघडं होतं आणि थंड वारा थेट नळ्यांच्या घोडीवर येत होता. आणि आवाज झाला. टिक. बोट मोडल्यासारखा, तेवढाच. मी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. कशाला हातही लागला नव्हता. उभ्या नळ्यांपैकी एकीवर केसाएवढी रेघ उमटली होती, वरून खाली, चार बोटं लांब. मी नखाने चाचपली. नख अडकलं.

तू लहान असताना तुला खांद्यावर बसवून भट्टीच्या काचेतून लाल पोलाद दाखवायचे ते भट्टीवाले काका आठवतात ना? त्यांना बोलावलं. त्यांनी रेघ पाहिली, टोपी काढली, परत घातली, आणि तापमानाचा तक्ता घेऊन आले. ती नळी ज्या घाण्यात भट्टीत गेली होती त्या दिवशीची रेघ तक्त्यावर एकदम सरळ. सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पट्टी लावून काढल्यासारखी.

"एवढी सरळ रेघ मी जन्मात पाहिली नव्हती," ते म्हणाले. "म्हटलं, चला, निदान एक गोष्ट तरी आपल्या हातून सरळ झाली."

तक्त्याचं पेन अडकलं होतं. खरी भट्टी किती तापली ते कोणालाच ठाऊक नाही. बहुतेक निम्मीसुद्धा नाही.

तुला हे सगळं येतं, तरी लिहिते, लिहिल्याने माझं डोकं जागेवर राहतं. नळीत खाचा पाडताना आपण पोलाद कापत नाही. कडक धातूची गोटी आतून ओढतो, ती पोलादाला बाजूला रेटते आणि सहा खाचा, आठ इंचांत एक फेर असा पीळ, उमटवत जाते. रेटलेलं पोलाद गप्प बसतं, पण विसरत नाही. ते विसरावं म्हणून भट्टीत तासन्‌तास तापवायचं आणि सावकाश निववायचं. "सुंभ जळायला पाहिजे आणि पीळ राहायला पाहिजे, हाच आपला धंदा," असं काका नव्या माणसांना सांगतात. काल त्यांनी ते म्हटलं नाही.

तापवलं नाही आणि तसंच बाहेरून कातून बारीक केलं, तर आतला ताण सैल जागा शोधतो. नळी तोंडाशी जरा फाकते. मग गोळी शेवटच्या क्षणी पकडीतून सुटते आणि डुलत बाहेर पडते. नेम चुकतो. बहुतेक वेळा तेवढंच होतं. बहुतेक वेळा.

तुझी नळी त्या घाण्यातली नाही. मी वही बघितली.

ताई


१९ नोव्हेंबर, बुधवार

मुंगे,

वही बघितली हे खरं. बाकीचं खोटं.

त्या घाण्यात नऊ नळ्या होत्या. एक घोडीवर तडकली. पाच अजून गोदामात आहेत, त्यांना आता कोणी हात लावत नाही, जेवणाचे डबेसुद्धा लांब ठेवतात. दोन एका क्लबात गेल्या. तिथल्या माणसाने तक्रार लिहिली होती की तापल्यावर नेम उजवीकडे चढतो. ते पत्र महिनाभर मालकांच्या टेबलावर पेपरवेटखाली पडून होतं. नववी तुझी.

मी घाबरवत नाही. तुझी नळी जाड आहे. जाड नळी पुष्कळ सहन करते. पण तू ज्या डोंगरावर सराव करतेस तिथे सकाळी पाणी गोठतं असं ऐकलं, आणि गारठ्यात हे पोलाद ठिसूळ होतं. आणि तू गाल लावून मारतेस. बाबा ओरडायचे, "गाल थोडा मागे घे, रायफल आहे ती, उशी नाही." तू कधी घेतला नाहीस.

सोमवारी मालकांनी सगळ्यांना उभं केलं.

"जी फुटली ती घोडीवर फुटली," मालक म्हणाले. "कुणाच्या तोंडावर नाही."

"मग तोंडावर फुटेपर्यंत थांबायचं का?" काकांनी विचारलं.

"काका, तुम्ही तर बोलूच नका. आधी खात्री, मग बोभाटा. आत्ता दोघांना पत्रं लिहिली तर उद्या नव्वद जण नळ्या परत आणून टाकतील."

मग त्यांनी माझ्याकडे आणि जोडीदाराकडे पाहिलं. "शेवटचा हात तुम्ही देता. तोंडाशी सैल असेल तर घोटताना कळायला पाहिजे. कुणाला काही लागलं नाही हाताला?"

जोडीदार शिंकला. मी म्हणाले, "नाही."

त्या दिवशी मी तुझ्या क्लबात फोन केला. एका मुलीने उचलला. मी तुझं विचारलं. "कोण बोलतंय?" म्हणाली. मी म्हणाले, बहीण. आत कुणाला तरी विचारत होती, मला ऐकू येत होतं. मग म्हणाली, "त्या म्हणतात, त्यांना बहीण नाही." मी फोन ठेवला. नळीचं सांगायचं राहिलं. राहिलं असं कसं म्हणू? तिला दोन शब्द सांगून मोकळी होऊ शकले असते. पण तिने पुढे विचारलं असतं, तुम्हाला कसं माहीत, आणि मला ते सांगायचं नव्हतं.

चौदा डिसेंबरला तुझी निवड आहे ना? चौघी घेणार असं वाचलं. ती नळी वापरू नकोस. तुझ्या जुन्या नळीने मार. ती झिजली असेल, तरी तीच घे.

पट्टी खाली पडली तरी आता मी उठून घोडीवरच्या नळ्या बघून येते. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, फक्त नळी काढ.

ताई


२७ नोव्हेंबर, गुरुवार

मुंगे,

आज सगळं लिहिणार आहे. हे वाक्य लिहून मी चहा करून आले, मग भांडी घासली, मग परत बसले.

तुझी नळी मी घोटली. ती आमच्या कारखान्यातून आली हे तुला ठाऊक नव्हतं. तुझ्या रायफली जोडून देणाऱ्या कारागिराने स्वतःच्या नावावर मागवली होती, तुझं नाव कुठेच नव्हतं. पण मागणीच्या चिठ्ठीवर लांबी होती साडेसत्तावीस इंच. जगात सगळे अठ्ठावीस मागतात किंवा सव्वीस. साडेसत्तावीस बाबा फक्त तुझ्यासाठी कापायचे, तुझा डावा हात आखूड म्हणून. चिठ्ठी बघून मला बसावं लागलं. ती पाळी जोडीदाराची होती. मी त्याला म्हटलं, ही मला दे. त्याने का विचारलं नाही. शहाणा आहे तो.

दुसरं. माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर आहे. गेल्या उन्हाळ्यापासून. घोटायच्या दांडीची मूठ तळव्याला जिथे टेकते तिथे शीर दबली आहे. डॉक्टरीणबाईंनी बोटांना टाचणी टोचून दाखवली, मला दिसली, पण लागली नाही. त्या म्हणाल्या, हे काम बंद करा. मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. कोणालाही सांगितलं नाही. घोटणाऱ्याच्या हाताला कळत नाही म्हटल्यावर त्याला कोण ठेवणार? आणि हा हात गेला तर माझ्याकडे बाबांचं दुसरं काय आहे?

ते शिकवायचे तेव्हा तू खिडकीवर बसून पाय हलवत असायचीस. नळीतच शिसं ओतून दांडीच्या टोकाला त्याची गुल्ली करायची, तेल आणि घासायची पूड लावायची, आणि डोळे मिटून ढकलायची. दांडी पिळाबरोबर आपोआप फिरते. "आत काय आहे ते बघायला डोळे लागत नाहीत," ते म्हणायचे. "घट्ट कुठे, सैल कुठे, हे हाताला ऐकू येतं. मागून तोंडापर्यंत एकसारखी घट्ट, आणि तोंडाशी कणभर जास्त. गोळीचा निरोप नीट घ्यायचा. निरोपात गडबड झाली की आधीचं सगळं फुकट."

तेव्हा असं समज, की माझ्या हाताला कळलं नाही. बोटं बधिर होती, म्हणून नळीतली खोट हातातून निसटली.

आणि तिसरं. हे सगळं मला नळी घोटली त्या बारा ऑक्टोबरला माहीत नव्हतं, पण दहा नोव्हेंबरला माहीत झालं, आणि तुला नीट सांगायला मला सतरा दिवस लागले. त्यातले काही दिवस मी मनात असं बोलत होते, की आत्ता तिचा सराव ऐन भरात आहे, आत्ता सांगितलं तर तिचं चित्त उडेल, निवड होऊन जाऊ दे. मला माझंच बोलणं ऐकू आलं, आणि ते आधी कधी बोलले होते ते आठवलं.

बाबा गेले त्या शुक्रवारीही मी हेच म्हणाले होते. सकाळी दहाला ते गेले. शनिवारी तुझी फायनल. मी फोन हातात घेतला आणि ठेवला. तू पहिली आलीस, आणि मग मी कळवलं. तू आलीस तेव्हा सगळं आटपलं होतं. अंथरुणाची घडी झाली होती. तू रडली नाहीस. तू म्हणालीस, "तुला कोणी सांगितलं होतं ठरवायला?" या सहा वर्षांत मी पुष्कळ उत्तरं तयार केली, एकही टिकलं नाही.

नळी काढ. तुझ्या पाया पडते. थोरली असून पडते.

ताई


५ डिसेंबर, शुक्रवार

मुंगे,

काल तुझी काडेपेटी आली.

पाकिटावर तुझं अक्षर पाहून मी स्टुलावरून उठले आणि गोदामात जाऊन दार लावून घेतलं. चिठ्ठी शोधली. कापूस उलटापालटा केला. चिठ्ठी नव्हती. कापसात शिशाच्या दोन गुल्ल्या होत्या. एकीवर तू दाभणाने एक रेघ ओढली होतीस, दुसरीवर दोन. बाबा असंच करायचे, मागची एक रेघ, तोंडाची दोन, म्हणजे नळी कुठे किती सैल ते मोजता येतं.

मी मायक्रोमीटर आणला. पण माझ्या हाताने काढलेला आकडा मला खरा वाटला नसता. मग जोडीदाराला मोजायला सांगितलं. त्याने दोन्ही मोजल्या, दोनदा. म्हणाला, "तोंडाची जाड आहे. केसाचा पाचवा हिस्सा." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, एवढं तर हातमोजे घालून ढकललं तरी कळतं."

तू एकही शब्द लिहिला नाहीस. लिहिला असतास तर मी त्याला उत्तर दिलं असतं, कारणं दिली असती. गुल्ल्यांना काय सांगू?

बोटांचं मी जे लिहिलं ते खरं आहे, पण त्याचा मी आडोसा केला. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर आहे. दांडी मात्र अंगठा आणि पहिल्या दोन बोटांवर चालते. तुला हे माहीत आहे. बाबांनी तुलाही शिकवलं होतं, तू मारायला लागलीस म्हणून सोडलंस.

मला कळलं होतं, मुंगे. शेवटच्या हाताला, बारा ऑक्टोबरला, दुपारी चारच्या सुमारास. गुल्ली मागून एकसारखी आली, साबणासारखी, इतकी सुंदर की मी मनात म्हटलं, बाबा असते तर एकदा हुं म्हणाले असते. आणि शेवटच्या तीन इंचांत दांडीने हात सोडला. जिन्याची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं. मी परत ढकललं. परत तेच. मी थांबले. खिडकीतून बघितलं. मग स्वतःला सांगितलं, माझ्या हाताचा काय भरवसा, डॉक्टरीणबाई म्हणाल्याच आहेत. आणि वहीत सही केली.

सैल लागलं तर काय करायचं ते ठरलेलं आहे, सैल भाग कापून टाकायचा. तीन इंच कापले असते तर नळी साडेचोवीसची झाली असती. तुझ्या मापाची राहिली नसती. ती बाद करावी लागली असती, आणि नवी निघायला तीन आठवडे, आणि तेव्हा पाळी जोडीदाराची. तो चांगलं काम करतो. त्याने तुला चांगली नळी दिली असती. ती माझ्या हातची नसती, एवढंच.

सहा वर्षांत तुला द्यायला माझ्याकडे काही नव्हतं आणि तू काही घेतलंही नसतंस. ही तू न कळत घेणार होतीस. रोज गाल लावून माझ्या कामाशेजारी पडून राहणार होतीस. एवढ्यासाठी मी ते तीन इंच तुझ्या गालापाशी जाऊ दिले. याहून जास्त घाण असं मी कधी काही केलेलं नाही. काकांची चूक भट्टीची होती. माझी चूक म्हणजे चूकच नाही, मला कळलं होतं.

गुल्ल्या पाठवल्यास म्हणजे तू नळी तपासलीस. पण काढलीस का? तपासून परत बसवलीस का? तू तशी आहेस. लहानपणी मी म्हटलं तवा तापलाय, की तू बोट लावून बघायचीस.

एक शब्द लिही. काढली किंवा नाही. दुसरं काही नको.

ताई


१० डिसेंबर, बुधवार

मुंगे,

हे पत्र माझ्या आधी पोहोचेल की मी त्याच्या आधी, सांगता येत नाही. परवा निघते. दोन गाड्या बदलून तेराला संध्याकाळी तिथे. तू दार उघडलं नाहीस तर मी मैदानाच्या फाटकापाशी उभी राहीन.

मालकांना सोमवारी सगळं सांगितलं, सगळ्यांसमोर. हाताचं, सहीचं, तुझं. माझा आवाज इतका बारीक निघाला की काका म्हणाले, "मोठ्याने बोल गं, माझं एक यंत्र आधीच खोटं बोललंय." मालकांनी वही मिटली. मग म्हणाले, "तुमच्या बाबांनी मला पहिली ऑर्डर मिळवून दिली होती. नाहीतर आत्ताच्या आत्ता..." पुढचं त्यांनी गिळलं. त्याच दुपारी त्या दुसऱ्या क्लबाला फोन गेला, त्या दोन नळ्या परत येताहेत. आठांचा हिशेब लागला. नववीचा लागत नाही.

तुझ्या कारागिरालाही फोन केला. तो म्हणाला, "त्यांनी रायफल महिन्याभरापूर्वी घरी नेली. काय केलं मला माहीत नाही. त्या फार बोलत नाहीत, तुम्हाला माहीतच असेल."

माहीत आहे.

या खेपेला फोन ठेवला नाही, निरोप ठेवला. तुझ्या क्लबातल्या त्याच मुलीला सांगितलं, लिहून घ्या. तिने लिहून घेतलं, वाचूनही दाखवलं. "नळी फुटू शकते. वापरू नये. सांगणाऱ्याचं नाव?" मी म्हणाले, जिने केली ती.

ताई


२२ डिसेंबर, सोमवार

मुंगे,

पोहोचले. डाव्या हाताने लिहिते आहे, म्हणून अक्षर असं. उजव्याला पट्टा बांधलाय, जानेवारीत ऑपरेशन. मालकांनी खिडकीचं स्टूल जोडीदाराला दिलं. त्याने पहिल्याच दिवशी आखूड पायाखाली पुठ्ठा घातला. बाबांना तीस वर्षांत सुचलं नाही ते. मला वहीच्या टेबलावर बसवलंय, पण सहीचा अधिकार काढून घेतलाय. बरोबरच आहे.

तू दिलेली नळी मी पोत्यात गुंडाळून मांडीवर ठेवून आणली. दोन्ही गाड्यांत कोणी शेजारी बसलं की मी ती दुसऱ्या बाजूला फिरवत होते. मालकांनी ती सगळ्यांसमोर करवतीवर धरली, उभी चिरायला. करवत अर्ध्यावर गेली आणि पुढची नळी आपणहून उघडली. टिक. बाजूला झालेली दोन्ही पाती बाहेरच्या बाजूला वाकली. लांबून बघणारे काका भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आतल्या खाचा उघड्यावर आल्या. शेवटच्या तीन इंचांपर्यंत त्या इतक्या स्वच्छ होत्या, मुंगे. सहाच्या सहा, पिळाबरोबर वळत गेलेल्या, एक आडवा ओरखडा नाही. हे तुला सांगायला नको होतं. पण तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही असं ठरवलंय, तर माझा हावरेपणा तरी का लपवू?

तुझं बोलणं मला अक्षरशः पाठ आहे.

फाटकापाशी तू म्हणालीस, "आलीस?" मी म्हणाले, "हो." तू म्हणालीस, "नळी काढली आहे. पहिलं पत्र आलं त्याच दिवशी. कोण सहज विचारतं गं जिना चढल्यासारख्या जातात का म्हणून?"

मी तिथल्या दगडावर बसले. म्हणाले, "मग कळवलं का नाहीस? महिनाभर मी..."

"तू खरं कधी सांगतेस ते बघत होते," तू म्हणालीस. "महिनाभर म्हणतेस. सहा वर्षांच्या मानाने थोडकंच आहे."

तेवढं तुझं माझ्याकडे येणं होतं.

दुसऱ्या दिवशी तू झिजलेल्या नळीने मारलंस. मी मागच्या कठड्यापाशी उभी होते. पहिल्या वीस गोळ्यांपर्यंत तू दुसरी होतीस. मग मला दिसायला लागलं, नळीने साथ सोडली. शेवटची गोळी लक्ष्यावरच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला गेली. तू पाचवी आलीस. चौघी गेल्या. तू रायफल पुसलीस, पेटीत ठेवलीस, कड्या लावल्यास, आणि माझ्याकडे पाहिलं नाहीस. चांगली नळी असती तर तू गेली असतीस. जोडीदाराने घोटलेली असती तर. हे माझ्या नावावर आहे आणि राहील. ते पुसून टाकायला मी तुला कधी सांगणार नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

गाडीच्या थांब्यावर बाकावर बसलो होतो. माझी गाडी यायला दहा मिनिटं होती. तू माझा उजवा हात न विचारता ओढून मांडीवर घेतलास. म्हणालीस, "डोळे मीट." मी मिटले. तू म्हणालीस, "कळलं की सांग." अंगठा दाबलास. मी म्हणाले, कळलं. पहिलं बोट. कळलं. मधलं. कळलं. मग तू थांबलीस. मग तू विचारलंस, "हे?" मी म्हणाले, कळलं. "आणि हे?" मी म्हणाले, हो, थोडं कळलं.

तू हात परत माझ्या मांडीवर ठेवलास. गाडी आली.

शेवटची दोन मला कळली नाहीत, मुंगे. मी खोटं बोलले. तुला वाईट वाटू नये म्हणून, असं मी गाडीत स्वतःला सांगत होते. निम्मा रस्ता सांगत होते. डोळे मिटलेले होते, त्यामुळे तू ती बोटं खरंच दाबलीस की नुसतंच विचारलंस, तेही मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

तू विचारायच्या आधी कळवते आहे. आठ दिवस लागले. सतरापेक्षा कमी आहेत.

उत्तर पाठव.

ताई